निदर्शनास आलेले नाही

दिवाळीनंतरच्या मंडईच्या जत्रेदिवशी पाहुण्यांसमोर भांडायचं नाही, एवढी लाज गुरनुल्यांच्या घरात अजून शिल्लक होती. म्हणून सगळे जेवणं होईपर्यंत थांबले. मटणाची हाडं चोखून झाली, हात धुऊन झाले, लांबचे पाहुणे पोरंबाळं घेऊन मंडईतल्या पाळण्यांकडे निघून गेले. मग नानाजींनी ओसरीवरून थोरल्या सुनेला हाक मारली.

"ललिता, इकडे ये वं. जावईबापू काई म्हनून राह्यले."

जावईबापू म्हणजे अतुल लेनगुरे, त्यांच्या दिव्यानीचा नवरा आणि कोसंबटोल्याचा ग्रामसेवक. सरकारने अलीकडे या हुद्द्याचं नाव बदलून ग्रामपंचायत अधिकारी केलं होतं, आणि तेव्हापासून अतुलची मानही थोडी मागे गेली होती. सासऱ्याच्या गावचा चार्ज त्याने खटपट करून मागून घेतला होता. जावई आपल्याच गावच्या ऑफिसात बसतो याचा नानाजींना एवढा आनंद झाला होता, की काही काम नसतानाही ते रोज ग्रामपंचायतीच्या वऱ्हांड्यात जाऊन बसत.

ललिता भांडी तशीच टाकून, ओले हात पदराला पुसत आली. ओसरीवर तिघं होते. नानाजी खाटेवर, अतुल घरातल्या एकुलत्या प्लॅस्टिकच्या खुर्चीत, आणि तिचा धाकटा दीर अजय खांबाला टेकून मोबाईलमध्ये तोंड घालून. तिला कोणी बस म्हटलं नाही.

"वहिनी," अतुलने घसा साफ केला, "परवा पंचायत समितीत तुमच्या अपिलाची सुनावणी आहे. आपण घरचीच माणसं. तुम्ही अपील मागे घेता असं दोन ओळीत लिहून द्या. मजकूर मी सांगतो."

"महिन्याभरात उत्तर देल्लं असतं भाऊजी, तं अपील कशाले करा लागलं असतं?"

"कामं असतात ऑफिसात. एकच का अर्ज असतो?"

"या गावात माहिती अधिकाराचा एकच अर्ज आला हाये. तुमीच सांगतलं होतं दिव्यानीले."

अजयला हसू आलं. त्याने ते मोबाईलकडे पाहून आल्यासारखं केलं.

"पाहा, कशी बोलते!" नानाजी उसळले. "घरचा मानूस आफिसात बसला हाये. त्याले तोंडी इचाराचं सोडून हिनं अर्ज लिवला, वरतून तिकीट चिपकवलं, आन् पोच मांगतली. जावयाजवळून पोच!"

"तोंडी इचारलं होतं मामाजी. भाऊजींनी चहा पाजला. उत्तर नाई देल्लं."

"पण माहिती पाहिजे कशाला? कारण काय?" अतुलने विचारलं.

"कारन सांगाची गरज नाई. मांगच्या वर्षी माहिती अधिकार दिनाले शाळेच्या पटांगनावर तुमीच भाषन देल्लं होतं. नागरिकाला कारण विचारता येत नाही म्हने. मी समोरच बसून होती. टाळ्या बी वाजवल्या."

त्या भाषणाचा फोटो अतुलने वरिष्ठांना पाठवला होता आणि त्याबद्दल त्याला शाबासकीही आली होती. आपलं भाषण कोणी ऐकलं असेल, असं मात्र त्याला कधी वाटलं नव्हतं.

ललिताने मागितलं होतं ते फार नव्हतं. उन्हाळ्यात गावतलावातून जेसीबी लावून मुरूम काढला गेला. त्या कामाला ग्रामपंचायतीने परवानगी दिली होती का, दिली असल्यास तिची आणि ठरावाची प्रत मिळावी. बस. मुरूम रस्त्याच्या कामावर गेला, हे गावातल्या शेंबड्या पोरालाही माहीत होतं. तलावाच्या मधोमध खड्डे पडले, पावसाचं पाणी भरलं आणि खड्डे त्याखाली गेले. पोळ्याच्या आदल्या दिवशी ललिताचा नवरा श्रावण बैल धुवायला तलावात उतरला. लहानपणापासून कंबरभर पाण्याची जागा. बैलाचा पाय खड्ड्यात गेला, कासरा श्रावणच्या मनगटाला गुंडाळलेला होता. बैल कसाबसा बाहेर आला. श्रावणला गळ टाकून काढावं लागलं.

पोलिसांनी अकस्मात मृत्यू लिहिला. आणि प्रेत घरी यायच्या आत गावात बोलणं फिरलं, की श्रावण पिऊन होता. हे सुरू झालं ग्रामपंचायतीच्या वऱ्हांड्यातून. पुढे नानाजीही तेच बोलू लागले. श्रावणने आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. पण जावयाच्या ऑफिसाला बट्टा लागण्यापेक्षा मेलेला मुलगा दारुडा ठरलेला त्यांना परवडत होता.

"वहिनी," अजय आता खरंच बोलला, "मुरूम माह्या ट्रॅक्टरनं वाह्यला. हे परकरन वाढलं तं सगळे माहं नाव घेतीन."

"म्या अर्जात ट्रॅक्टर लिवला नाई अजयभाऊ. परवानगी कोनं देल्ली, तेवढंच इचारलं."

"आन् तेवढ्यानं का दादा वापस येते?"

"नाई येत. पन दारुडा म्हनून तरी नाई जात."

दाराच्या आत, चुलीपाशी ललिताची सासू सुगंधाबाई बसल्या होत्या. पोरगा गेल्यापासून त्या ओसरीवरच्या कुठल्याच बोलण्यात पडत नव्हत्या. नानाजींनी दोनदा आत पाहून "समजाव तिले" असा हात केला. त्यांनी चुलीतलं लाकूड पुढे सारलं आणि पाठ वळवली.

*

दिव्यानीला पाठवायचं अतुलनेच ठरवलं. बायकांचं बायकांना समजतं, असं तो म्हणाला. ज्या कामाला स्वतःचं तोंड कमी पडे, त्या कामाला तो नेहमी दिव्यानीचं तोंड वापरत असे.

ती घरामागच्या सांदवाडीत आली तेव्हा ललिता मटणाचं मोठं पातेलं, गंज, राखेने घासत होती. तिकडे मंडईतल्या भोंग्यावर रात्रीच्या नाटकाची जाहिरात ओरडत होती. दिव्यानी तिच्याजवळ उकिडवी बसली आणि एक ताट ओढून घासू लागली. माहेरी आलेल्या लेकीने भांडी घासायची नसतात, पण ललितानेही तिला थांबवलं नाही.

"वहिनी, त्याईची नौकरी गेली तं मी कुठी जाऊ?"

"माहा नवरा गेला, मी कुठी गेली? इथीच भांडे घासून राह्यली."

दिव्यानीने ताटावर राख टाकली. याच तलावात श्रावणने तिला पोहायला शिकवलं होतं. पाठीला रिकामा पिपा बांधून तो तिला मध्यापर्यंत न्यायचा आणि तिथे उभं करून म्हणायचा, पाह्य, पाय टेकते का नाई. तळ कसा सपाट होता, हे तिच्या पायांना अजून आठवत होतं.

"दिव्यानी, एक सांग," ललिताने गंज पालथा घातला. "तुहा दादा पेऊन होता, हे तुले पयल्यांदा कोनं सांगतलं?"

दिव्यानीने ताट खाली ठेवलं. त्या दिवशी अतुलचा फोन आला होता. दादा सापडला हे सांगायच्या आधी त्याने ते सांगितलं होतं. त्या वेळी तिला त्याचं काही वाटलं नव्हतं. रडायलाच वेळ पुरत नव्हता.

तिने ताट पुन्हा उचललं. घासता घासता विचारलं, "तुले पाह्यजे तरी काय? एकदाच सांगून टाक."

"तुह्या नवऱ्यानं लिवून द्याव. परवानगी देल्ली असन तं देल्ली. नसन देल्ली तं नाई देल्ली. खाली सही आन् शिक्का."

"नाई देल्ली म्हनून लिवलं तं चालन?"

"चालन काऊन नाई? मांगतलं त्याचं उत्तर भेटलं, का अपील संपलं."

ललिताने पुढचं भांडं ओढलं. दिव्यानीला उगाच वाटून गेलं की आपण आणखी एक प्रश्न विचारायला हवा होता. पण ओसरीवर तिघं तिची वाट पाहत होते आणि तिच्याकडे चांगली बातमी होती.

*

अतुलला ती बातमी इतकी चांगली वाटली, की त्याने दिव्यानीला पुन्हा सांगायला लावली. "एवढंच?" तो म्हणाला. "नुसतं नाही म्हणून पाहिजे?"

गेला महिनाभर त्याला झोप नव्हती. परवानगी होती म्हणावं तर ठराव दाखवावा लागणार, आणि ठराव कुठे होता? ठेकेदाराने सरपंचबाईंच्या नवऱ्याला सांगितलं, त्याने अतुलला सांगितलं, अतुलने मान हलवली, आणि जेसीबी तलावात उतरला. आता ही बाई स्वतःच त्याला सुटायची वाट दाखवत होती. बायका शेवटी बायकाच, असं त्याच्या मनात आलं आणि त्याने ते नानाजींजवळ बोलूनही दाखवलं.

दुसऱ्या दिवशी त्याने ऑफिसात बसून उत्तर टाइप केलं. "परवानगी दिलेली नाही" एवढ्यावर त्याचं समाधान होईना. त्याने जोडलं: "तसेच सदर तलावात कोणत्याही प्रकारचे उत्खनन झाल्याची बाब या कार्यालयाच्या निदर्शनास आलेली नाही." हे वाक्य त्याला फारच आवडलं. नानाजींना त्याने ते वाचून दाखवलं. नानाजींना अर्थ लागला नाही, पण वजन कळलं.

"याले म्हनते शिकलेला मानूस," ते वऱ्हांड्यात बसलेल्यांना म्हणाले.

*

सुनावणीला अजयने गाडी काढली. बायांना ऑफिसात बोलता येत नाही म्हणून नानाजी निघाले. दिव्यानी नवऱ्याबरोबर निघाली. आणि ऐन वेळी सुगंधाबाई धुवट पातळ नेसून गाडीत येऊन बसल्या.

"तुहं काय काम तिथी?" नानाजींनी विचारलं.

"माहा पोरगा मेला हाये," त्या म्हणाल्या. 

पंचायत समितीतले अपील ऐकणारे विस्तार अधिकारी आधी फोनवर कोणाच्या तरी लग्नाच्या हॉलबद्दल बोलत होते. ते झाल्यावर त्यांनी समोर पाहिलं आणि अख्खं कुटुंब बघून दचकले. अपिलार्थी कोण, असं त्यांनी नानाजींना विचारलं. नानाजींनी लाजल्यासारखं सुनेकडे बोट केलं.

अतुलने उत्तराची प्रत त्यांच्यापुढे ठेवली आणि एक ललिताला दिली. साहेबांनी ते मोठ्याने वाचलं, भराभर, श्लोक म्हटल्यासारखं. "...निदर्शनास आलेली नाही. बरं. बाई, माहिती मिळाली ना? समाधान झालं?"

"थांबा साहेब," सुगंधाबाई म्हणाल्या. "निदर्शनास नाई आलं म्हंजे?"

"म्हणजे दिसलं नाही, आजी. कार्यालयाला दिसलं नाही."

सुगंधाबाई जावयाकडे वळल्या. गेल्या कित्येक दिवसांत त्यांनी त्याच्याकडे सरळ पाहिलं नव्हतं.

"माह्या पोराले काढाले गळ टाकला, तेव्हा तुमी काठावर उभे होते जावईबापू. पांढरा शर्ट घालून. तुमीच म्हनले, इकडे टाका, इकडे खोल हाये. तुमाले खोल कसं दिसलं?"

अतुलच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. "आई, ते वेगळं. हे ऑफिसचं आहे."

"आफिसचे डोये येगळे असते का?"

"आजी, आजी," साहेबांनी हात वर केला, "बाहेरचं इथं नको. इथं विषय माहितीचा. माहिती मिळाली, अपील निकाली." त्यांनी घड्याळ पाहिलं आणि सही केली.

ललिता मात्र उठली नाही. उत्तरावर जावक क्रमांक नव्हता. तिने तो अतुलकडून घालून घेतला. शिक्का पुसट होता, म्हणून दुसरा उठवून घेतला. अतुलने दोन्ही गोष्टी हसतमुखाने केल्या. संकट टळलेल्या माणसाला शिक्का मारायला आळस नसतो.

बाहेर टपरीवर नानाजींनी सगळ्यांना चहा सांगितला. सोयरीक जुळल्यासारखा त्यांचा चेहरा फुलला होता. "संपलं बाप्पा," ते म्हणाले. "घरातली गोष्ट घरात राह्यली."

ललिताने चहा घेतला नाही. तिने कागदाची घडी घातली आणि पिशवीत ठेवली. "अजयभाऊ, गाडी ठान्याकडून घ्या. मले तिथी उतराचं हाये."

"कोनतं ठानं?"

"पोलीस ठानं. परवानगी कोनं देल्लीच नाई, म्हंजे मुरूम चोरीले गेला. चोरीच्या खड्ड्यात मानूस मेला. ते कोनाच्या सांगन्यावरून नाई म्हनून राह्यली मी. सही-शिक्क्यानं हाये."

 अतुलने पेला फळीवर ठेवला, तो कलंडला.

"वहिनी, तुम्ही म्हणाल्या होत्या अपील संपेल."

"संपलं ना. तुमच्याच साह्यबानं संपवलं."

"तो कागद द्या इकडे. त्यात एक दुरुस्ती करायची राहिली."

"दुरुस्तीचा अर्ज करा भाऊजी," ललिता म्हणाली. "महिन्याभरात उत्तर देईन."

अजय हसला नाही. त्याचं तोंड उतरलं होतं. "वहिनी, चोरी म्हनशीन तं पयला चोर मीच होतो."

नानाजी बायकोकडे धावले. "आता तरी बोल! एक पोरगा गेला, दुसराही आत जाईन. तुले चालन का?"

सुगंधाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. या माणसाने भरल्या वऱ्हांड्यात पोराला दारुडा म्हटलं होतं, आणि आज त्याला पोराची माया आठवली होती. त्या त्याला ओलांडून अजयपाशी गेल्या.

"तुले खड्डा मालूम होता?"

"होता."

"दादाले काऊन नाई सांगतला?"

अजयने जमिनीकडे पाहिलं. "जावईबापू म्हनले, रस्त्याचं बिल निघतपर्यंत खड्ड्याचं नाव काढू नोको. बांबू रोवून लाल कपडा बांधतो म्हटलं होतं म्या. ते म्हनले, कपडा बांधला का लोकं इचारतीन."

"मी असं म्हणालो नव्हतो," अतुल म्हणाला. तो दिव्यानीकडे पाहून म्हणाला. दिव्यानी त्याच्या शेजारी बाकावर बसली होती. ती उठून उभी राहिली.

*

ठाण्यात तिघी बायका गेल्या. अजय गाडीतच बसला, दोन्ही हात स्टिअरिंगवर ठेवून. अतुल कोणाला तरी फोन लावत रस्त्यावर येरझाऱ्या घालत होता आणि नानाजी त्याच्या मागे मागे.

हवालदार म्हातारा आणि सर्दीने बेजार होता. त्याने कागद नीट वाचला. नाक पुसून पुन्हा वाचला. "अरे, हे तं लेखी दिलं त्यांनी," तो स्वतःशीच म्हणाला आणि खुर्ची पुढे ओढली. श्रावण कधी गेला, कुठे, बैल कोणाचा, जेसीबी कधी आला, सगळं विचारून त्याने लिहून घेतलं. श्रावण प्यायचा का, हेही विचारलं. "नाई," तिघींनी एकदम सांगितलं.

"तक्रार कोणाविरुद्ध लिहू?"

 मघाशी टपरीवर ललिताला कोणाची भीती वाटली नव्हती. आता गाडीतला अजय तिला खिडकीतून दिसत होता. लग्न होऊन आली तेव्हा तो शाळेत होता. डबा तीच करून द्यायची.

"अज्ञात लिवा," ती म्हणाली.

"अज्ञात काऊन?" सुगंधाबाई मागून पुढे आल्या. "तेही माह्या जावयासारखंच झालं. सगळ्यांनी पाह्यलं आन् कोनाले दिसलं नाई." त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकले. "साह्यब, लिवा. मुरूम वाह्यला तो ट्रॅक्टर अजय नानाजी गुरनुलेचा. माहा पोरगा हाये. बाहेर गाडीत बसून हाये."

हवालदाराचं पेन थांबलं. "मायबाई, समजून सांगून राह्यल्या ना?"

"समजून. त्याले मालूम होतं आन् तो गप्प राह्यला. त्याले इचारा, तो खोटं नाई बोलाचा. आता ज्यानं गप्प बसवलं त्याचं लिवा."

"त्यांचं नाव?"

सुगंधाबाई अडखळल्या. जावयाचं नाव घ्यायला त्यांची जीभ वळेना. ललिता सांगणार, तोच दाराशी उभी असलेली दिव्यानी आत आली. लग्न झाल्यापासून तिने नवऱ्याचं नाव उखाण्याशिवाय घेतलं नव्हतं. चारचौघांत तर नाहीच. बाहेरून अतुलची हाक ऐकू आली. दिव्यानी, ये बाहेर, असं तो म्हणत होता. तिने मागे वळून दार लोटून घेतलं.

"मले सांगू दे," ती म्हणाली. आणि हवालदाराने कागदावर पेन टेकवेपर्यंत थांबून, एकेक शब्द सुटा करत सांगितलं, "अतुल. मारोती. लेनगुरे."